बंदरात स्वतः फिरायचं तर आधी परतीची वाट मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुलैत मायामीहून सात रात्रींची पश्चिम कॅरिबियन क्रूझ, वाटेत कोझुमेल, ग्रँड केमन आणि जमैकातलं फॅलमथ. बरोबर यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. प्रत्येक बंदरात जहाज कंपनी ज्या सहली विकते त्यांचा चौघांचा आकडा बघून डोळे पांढरे झाले, म्हणून आपणच उतरून फिरावं असं मनात आहे. पण आपण मागे राहिलो आणि जहाज निघून गेलं तर, ही धास्तीही आहे.

मी सहा वर्षं क्रूझ जहाजांवर शोर एक्स्कर्शनच्या डेस्कवर होते, म्हणजे याच सहली विकत होते. ती नोकरी सोडल्यापासून स्वतःच्या पैशांनी प्रवासी म्हणून जाते आणि बहुतेक बंदरांत आपली आपण फिरते. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. तरी एक आधीच सांगते: तुमचं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, किती तास थांबणार, त्या दिवशी वारा कसा असणार आणि सासूबाईंचे गुडघे त्या सकाळी काय म्हणणार, यावर उत्तर बरंच बदलतं.

‘जहाजाची सहल की आपली आपण’ हा प्रश्न सगळ्या क्रूझसाठी एकदाच सोडवायला गेलं की उत्तर चुकतं. तो बंदरागणिक वेगळा सोडवायचा. एकाच आठवड्यात मी एका ठिकाणी चालत गावात जाते, दुसऱ्या ठिकाणी टॅक्सी करते आणि तिसऱ्या ठिकाणी निमूट जहाजाच्या बसमध्ये बसते. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

जहाजाच्या सहलीत आपण विकत काय घेतो? बस, गाइड, तिकिटं हे सगळं स्थानिक कंपन्यांचं असतं, जहाजाच्या स्वतःच्या बसेस नसतात. आज आमची पाटी लावून गाडी चालवणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर सुटे प्रवासी गोळा करताना दिसायचा. जास्तीचे पैसे जातात ते हमीसाठी. सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय जहाज त्या बंदराला गेलंच नाही तर सहलीचे पैसे आपसूक परत येतात. म्हणजे दरातला तो फरक विम्याच्या हप्त्यासारखा आहे. जिथे धोका मोठा तिथे भरावा. जिथे उतरून दहा मिनिटांत किनारा गाठता येतो तिथे कशाला?

धोका मोठा की लहान हे ठरवायची माझी एक रीत आहे. मी परतीच्या वाटेवरचे सांधे मोजते. किनाऱ्यावरून टॅक्सी केली आणि थेट धक्क्यावर उतरले, तर सांधा एकच. ती टॅक्सी बंद पडली तरी मागून दुसरी येते. पण अवशेष बघून व्हॅन, व्हॅनमधून फेरीबोट, बोटीतून उतरून टॅक्सी आणि मग धक्का असं असेल, तर तीन सांधे झाले. त्यातली फेरीबोट चुकली तर बदली काहीच नाही, पुढच्या फेरीची वाट बघत बसायचं. अंतर किती हे त्यामानाने दुय्यम. वीस किलोमीटरचा वाहता रस्ता मला चालतो, पाच किलोमीटरचं पाणी चालत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. डेस्क सोडल्यानंतरची माझी पहिलीच क्रूझ, बेट सेंट मार्टिन. तिथे विमानतळाच्या टोकाला माहो बीच आहे, विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. तिथून फिलिप्सबर्गचा धक्का नकाशावर हाकेच्या अंतरावर वाटतो. मधे सिम्प्सन बेचा पूल लागतो. आतल्या खाडीतल्या शिडाच्या बोटींना वाट द्यायला तो पूल उघडतो आणि रस्ता दोन्हीकडून तुंबतो. गंमत म्हणजे या पुलाबद्दल मीच शेकडो प्रवाशांना बजावलं होतं. आणि मी ‘आणखी एक विमान, आणखी एक विमान’ करत बसले. शेवटी टॅक्सीत घामाघूम होऊन समोरच्या गाड्यांची रांग मोजत होते. शिडी उचलायला बारा मिनिटं उरली असताना पोचले. गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीवर, उभा असलेला जुना सहकारी एक शब्द बोलला नाही, नुसता हसला. ते हसू मला अजून झोंबतं.

आता तुमच्या तिन्ही बंदरांना लागू पडणारी आणि जुलैत हमखास फसवणारी गोष्ट: घड्याळ. मायामीचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे करतात. जमैका आणि केमनमध्ये ते वर्षभर एकाच जागी असतं. कोझुमेल मेक्सिकोच्या ज्या किंताना रो राज्यात येतं, त्यानेही फेब्रुवारी २०१५ मध्ये आपली वेळ बदलून वर्षभरासाठी कायम केली. ही वेळ मायामीच्या हिवाळी वेळेशी जुळते. परिणाम असा, की जानेवारीत चारही ठिकाणी एकच वेळ, पण जुलैत तुमची तिन्ही बंदरं मायामीच्या एक तास मागे. जानेवारीत जाऊन आलेला ओळखीचा माणूस तुम्हाला छातीठोकपणे सांगेल की वेळेचा काही घोळ नाही, आणि त्याचं खोटंही नसेल.

जहाज मात्र स्वतःच्या वेळेने चालतं. काही जहाजं पूर्ण क्रूझभर मायामीचीच वेळ ठेवतात, काही बंदराप्रमाणे बदलतात. तुमचं जहाज काय करणार हे मी इथे बसून सांगू शकत नाही. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपवर ते दिलेलं असतं, नाहीतर गेस्ट सर्व्हिसेसला विचारा. आणि फोनवर भिस्त ठेवू नका. बंदराजवळ आल्यावर तो स्थानिक टॉवर पकडतो आणि गुपचूप तास बदलतो. फोनवर साडेतीन बघून तुम्ही वाळूत निवांत पडलेल्या असता आणि जहाजावर साडेचार वाजलेले असतात. डेस्कवर असताना धावत येणारे जे लोक मी पाहिले, त्यातले कितीतरी या एका तासाचे बळी होते. ते बेफिकीर नव्हते, त्यांचं घड्याळ चुकीचं होतं.

उपाय अगदी साधा आहे. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि ते मुलाच्या हातात बांधा. अकरा वर्षांच्या मुलाला असं काम दिलं की तो दर दहा मिनिटांनी वेळ सांगतो. उतरताना गँगवेपाशी परतीची वेळ लिहिलेला फलक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि टॅक्सीवाल्याला ‘तीन वाजता न्यायला ये’ असं कधी सांगू नका, ‘दोन तासांनी ये’ म्हणा. तासांची मोजणी सगळीकडे सारखीच असते.

फलकावरची ती वेळ म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे, सगळ्यांनी चढून झालेलं असण्याची वेळ. बहुधा ती सुटण्याआधी अर्धा तास असते, कधी त्याहून अधिक. माझा दिवस मी तिथून उलटा आखते. जहाज धक्क्याला लागलं असेल तर त्या वेळेआधी एक तास मी बंदराच्या फाटकाशी असते. जहाज बाहेर नांगरलेलं असेल आणि टेंडरने, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीने, परतायचं असेल तर दीड तास आधी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर दोन तास. दिवसाचा क्रमही तसाच: लांबचं सकाळी, जवळचं दुपारी. सकाळी काही बिनसलं तर दुपारच्या पोहण्यातला तास जातो, जहाज जात नाही. बहुतेक लोक उलट करतात. आधी धक्क्याजवळची दुकानं हिंडतात आणि जेवणानंतर लांबच्या किनाऱ्याकडे निघतात.

सकाळचीही एक गोष्ट. जहाज आठला लागलं म्हणजे तुम्ही आठला जमिनीवर असं होत नाही. स्थानिक अधिकाऱ्यांनी जहाजाला मंजुरी दिल्यावर गँगवे उघडतो, मग रांग. बाहेरच्या एखाद्या कंपनीची सहल घेतलीत तर जहाज लागण्याच्या वेळेनंतर किमान तासाभराचं अंतर ठेवा.

तेव्हा प्रत्येक बंदराशी तीन गोष्टी बघायच्या: जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एकच आहे का, परतीत सांधे किती, आणि एखादा निखळला तर बदली काय. आता तुमची बंदरं एकेक घेऊ.

कोझुमेल तुम्ही बिनधास्त स्वतः करा. फक्त धक्का कुठला हे आधी बघा, कारण क्रूझ जहाजांचे धक्के तीन आहेत. पुंता लांगोस्ता गावातच आहे, तिथून बाहेर पडलात की सॅन मिगेलच्या रस्त्यावर. इंटरनॅशनल आणि पुएर्ता माया हे दोन दक्षिणेला काही किलोमीटरवर आहेत, तिथून गावात जायला टॅक्सीच बरी. ‘कोझुमेलला चालतच गावात जाता येतं’ आणि ‘टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही’ हे दोन्ही सल्ले तुम्हाला मिळतील. दोन्ही खरे, धक्के वेगळे.

टॅक्सीला मीटर नसतो, ठिकाणाप्रमाणे ठरलेले दर असतात आणि धक्क्यावर फलक लावलेला असतो. बसण्याआधी दोन प्रश्न: हा दर गाडीचा की माणशी, आणि डॉलरमध्ये की पेसोमध्ये? मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचंच चिन्ह वापरतात, त्यामुळे पाटीवर नुसतं चिन्ह बघून गफलत होते.

कुठे जायचं? इथे थोडं वाऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण ते पुढच्या बंदरालाही लागू आहे. या समुद्रावर व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बेटांच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असतात आणि पश्चिम अंगाला आडोसा मिळतो. कोझुमेलचं सॅन मिगेल आणि केमनचं जॉर्ज टाउन दोन्ही पश्चिमेला आहेत, हा योगायोग नाही. जिथे जहाजांना शांत पाणी मिळतं तिथेच बंदरं वसली. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की पोहायला आणि मुलाला मासे दाखवायला योग्य पाणी बहुधा बंदराच्याच बाजूला असतं, लांब जायची गरजच नसते. कोझुमेलचा पूर्व किनारा फोटोत फार देखणा दिसतो आणि आहेही, पण तिथलं पाणी नुसतं बघायचं. उन्हाळ्यात सारगासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळही मुख्यतः पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर येऊन साचतं. फोटोत ते नसतं.

म्हणून तुमच्यासाठी मी चांकानाब निवडेन. दोन दक्षिणेकडच्या धक्क्यांपासून थोडंच पुढे, पश्चिम किनाऱ्यावरचं हे उद्यान आहे. पाण्यात उतरायला पायऱ्या, सावली, बसायला जागा, सासूबाईंना दिवसभर आराम. परतीत सांधा एक. इतिहासाची आवड असेल तर बेटाच्या मधोमध सॅन हेर्वासिओ नावाची माया संस्कृतीची जागा आहे, इश्चेल देवीशी जोडलेली. ती सकाळी आधी करा, आणि टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवायचं आधीच ठरवून घ्या, कारण आडरानात परतीची गाडी सहज मिळत नाही. चालणं उन्हातलं आणि खडबडीत आहे, सासूबाईंना त्यात ओढू नका.

तुलुमचे अवशेष बघायचे असतील तर गोष्ट वेगळी. तुलुम मुख्य भूमीवर आहे. आधी प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तासाची फेरी, पुढे रस्ता, आणि हेच सगळं परत. समुद्र खवळला की फेरी बंद. इथे मी जहाजाची सहल घेईन, नाहीतर जाणारच नाही. स्कूटर भाड्याने मिळतात, त्या घेऊ नका. बऱ्याच प्रवास विम्यांत दुचाकीचा अपघात बसतच नाही, हे लोकांना हात मोडल्यावर कळतं.

ग्रँड केमनला क्रूझ जहाजांसाठी धक्का नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर बोटी लोकांना जॉर्ज टाउनला नेतात-आणतात. म्हणजे काहीही न करता एक सांधा आधीच वाढला, आणि तो तुमच्या हातातला नाही. सकाळी जहाजाच्या सहलीवाले आधी सोडतात, बाकीच्यांना टेंडरचे नंबर घ्यावे लागतात. नंबर देणं सुरू होताच घेऊन टाका. संध्याकाळी शेवटच्या तासात किनाऱ्यावर भलीमोठी रांग लागते, आणि तीही बऱ्यापैकी उन्हात. शेवटची टेंडर किती वाजता हे पत्रकात छापलेलं असतं. माझं ध्येय तिच्या आधीची नव्हे, त्याच्याही आधीची बोट गाठायचं असतं.

सासूबाईंबद्दल स्पष्ट सांगते. जहाजातून टेंडरमध्ये पाऊल टाकताना बोट वरखाली होत असते. खलाशी दोन्ही हात धरतात आणि ते यात तरबेज असतात, पण तो एक क्षण त्यांचा त्यांनाच निभवावा लागतो. पाणी शांत असेल तर अडचण नाही. हेलकावे असतील तर त्या दिवशी त्यांना डेकवर राहू द्या, रिकाम्या जहाजावरचा दिवस फार वाईट नसतो. पश्चिमेकडचा समुद्र बिघडला तर टेंडर दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स इथे लावतात. असं झालं तर परतीची टेंडर कुठून सुटणार हे उतरतानाच विचारून घ्या.

जॉर्ज टाउनहून सेव्हन माइल बीच अगदी सोपा आहे. एडवर्ड स्ट्रीटवर ग्रंथालयाशेजारी बसचं ठिकाण आहे, तिथून वेस्ट बेकडे जाणाऱ्या छोट्या बस त्या किनाऱ्याच्या कडेनेच जातात. कुठे उतरायचं ते ड्रायव्हरला सांगा. अमेरिकन डॉलर चालतात, पण किमती बऱ्याच ठिकाणी केमन डॉलरमध्ये लिहिलेल्या असतात आणि एक केमन डॉलर म्हणजे अधिकृत दराने १.२० अमेरिकन डॉलर. पाटीवर स्वस्त दिसलेलं बिलात महागतं ते यामुळे. तिथे वाहनं डाव्या बाजूने चालतात, रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरा.

आता मुलाला ज्याचं वेड लागलंय असं तुम्ही लिहिलंय, ते स्टिंगरे सिटी. नॉर्थ साउंडमधल्या वाळूच्या उंचवट्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि भोवती स्टिंगरे, म्हणजे शेपटीला काटा असलेले चपटे मासे, फिरतात. माझ्या सांध्यांच्या हिशेबाने हे अवघड ठरायला हवं: व्हॅन, बोट, पुन्हा व्हॅन, मग टेंडर. तरीही मी इथे स्थानिक कंपनी घेते, हा माझ्या नियमाला अपवाद. कारण या कंपन्यांचा धंदाच क्रूझच्या प्रवाशांवर चालतो. त्या तुमच्या जहाजाचं नाव विचारतात आणि त्याच्या वेळेवर नजर ठेवून असतात. एकदा जहाज चुकवलं की त्यांचं नाव खराब होतं. बुकिंग करताना मात्र लेखी विचारा: जहाज आलं नाही किंवा टेंडर बंद झाल्या तर पैसे परत मिळतील का? उत्तर गोलमाल असेल तर दुसरी कंपनी बघा. फेरी अगदी पहिली घेऊ नका, टेंडरला उशीर होऊ शकतो. पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवरून घासत चालायचं. माशांना पाण्याबाहेर उचलणं तिथे बेकायदा आहे. फोटोसाठी कुणी उचलून दाखवायला लागलं तर नको म्हणा.

फॅलमथला मी सगळ्यात सावध असेन. जहाज धक्क्याला लागतं, धक्क्याभोवती कुंपणाआड दुकानांचा परिसर आहे आणि फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याला तो अंगावर येतो. बहुतेक जण फक्त गिऱ्हाईक शोधत असतात, हसून ‘नको’ म्हटलं की पुरतं, पण दहा वेळा म्हणावं लागतं. परवानाधारक टॅक्सीची नंबरप्लेट लाल असते, बाकी कशात बसायचं नाही. गाव १७६९ साली वसवलेलं, जुन्या जॉर्जियन, म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या, इमारतींचं आहे. सकाळच्या उजेडात तासभर चालून बघण्यासारखं आहे आणि परतीत सांधा शून्य.

त्यापुढे मात्र तुम्ही चौघांनी एकत्र असायलाच हवं असा हट्ट सोडा. डन्स रिव्हर धबधबा ओचो रिओसला आहे, एका बाजूचा रस्ता तासाभराहून अधिक धरा. तो धबधबा खालून वर चढायचा असतो, हातात हात धरून, वाहत्या पाण्यातून. सासूबाईंचा प्रश्नच नाही. यजमान आणि मुलाला जहाजाच्या सहलीने तिथे पाठवा. इथे तो हप्ता भरण्यासारखा आहे: रस्ता लांब, बेट मोठं, अडकलात तर बदली महाग. तुम्ही दोघी मार्था ब्रे नदीवर जा. फॅलमथपासून काही किलोमीटर आत आहे. बांबूचा लांब तराफा, त्यावर दोघांची बैठक, नावाडी काठीने ढकलत नेतो. उतरताना-चढताना हात द्यावा लागेल, बाकी बसूनच राहायचं आहे. दोन माणसांचे पैसे वाचले आणि कुणाचाच दिवस फुकट गेला नाही.

जमैकासाठी आणखी एक. लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे तिथे सामान्य नागरिकाने घालायला कायद्याने बंदी आहे. मुलांच्या अर्ध्या पँटी आणि टोप्या नेमक्या त्याच छापाच्या असतात. बॅग भरतानाच बाजूला काढा.

जहाज सुटलं तर काय होतं? उतरताना आणि चढताना तुमचं कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण आलेलं नाही हे जहाजाला नेमकं कळतं. स्पीकरवर नावं पुकारली जातात. मग बऱ्याचदा कर्मचारी केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि बंदरावरच्या एजंटकडे देतात. त्या एजंटचं नाव आणि नंबर रोजच्या पत्रकात छापलेला असतो, त्याचाही फोटो काढा. पुढचा विमानप्रवास, हॉटेल आणि पुढच्या देशात शिरण्याची परवानगी हे सगळं तुमच्या अंगावर. मायामीत परत शिरायचं म्हणजे अमेरिकेचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा बहुधा पुरत नाही, हे जाण्याआधीच तपासा.

पासपोर्ट बरोबर घ्यावा की तिजोरीत ठेवावा, यावर क्रूझवाल्यांत दोन तट आहेत. किनारा आणि गाव एवढंच असेल तर मी मूळ पासपोर्ट तिजोरीत ठेवते आणि प्रत बाळगते. लांब जायचं असेल तर वाळू-पाणी न लागणाऱ्या पिशवीत मूळ बरोबर. जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं एखादं ओळखपत्र मात्र प्रत्येकाकडे हवंच, बंदराच्या फाटकावर विचारतात.

बाकी बारीकसारीक: सुट्ट्या डॉलरच्या नोटा घ्या, टॅक्सीवाल्याकडे मोड नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. जहाजावर असताना फोन विमान मोडवर ठेवा, समुद्रावरचं नेटवर्क पकडलं की बिल घाम फोडतं. जहाजावरची फळं खाली न्यायची नाहीत, शेतीच्या नियमांमुळे ती काढून घेतात. आणि किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर मुलाला हात लावू देऊ नका. तो मॅंचिनीलचा वृक्ष. त्याचं फळ विषारी, चीक कातडी भाजतो, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात. काही ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवून इशारा दिलेला असतो, पण सगळीकडे नाही.

जुलै म्हणजे वादळांचा मोसम सुरू झालेला असतो, १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळ शेकडो मैल लांब असलं तरी कप्तान मार्ग बदलतो आणि एखादं बंदर गळतं किंवा दुसरंच येतं. त्यामुळे पैसे परत न मिळणारं काहीही आगाऊ घेऊ नका, आणि एखाद्या बदली बंदराचीही जुजबी माहिती जवळ ठेवा. मायामीहून निघालेल्या जहाजाला ते बऱ्याचदा नासाऊ असतं. तिथे जहाज गावाच्याच धक्क्याला लागतं, जंकनू बीच चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि बहामाचं घड्याळ उन्हाळ्यातही मायामीबरोबरच चालतं. त्या दिवशी मुलाच्या हातातलं मनगटी घड्याळ आणि तुमचा फोन एकच वेळ दाखवतील.